दसऱ्याला नवीन ऑफिस, ३२ स्क्रीन लावायच्यात, साडेपाच आठवडे हातात... सप्लायर कसा निवडायचा?

ॲडमिन_खराडी

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी एका मध्यम कंपनीत ॲडमिन बघते, आमचं ऑफिस पुण्यात खराडीला नवीन बिल्डिंगमध्ये जातंय, तीन मजले आहेत, आणि मोठ्या साहेबांनी दसऱ्याला पूजा ठरवलीय म्हणजे तारीख काही हलणार नाही. मागच्या मीटिंगमध्ये ठरलं की लिफ्टजवळ चिकटवलेले कागद, नोटीस बोर्ड सगळं बंद, सगळीकडे डिजिटल स्क्रीन लावायच्या. खराडीत २२, नाशिकला ४ आणि नागपूरला ६, अशा एकूण ३२. त्यावर कँटीनचा मेनू, कॅबच्या वेळा, मीटिंग रूमची माहिती, नवीन जॉइन झालेल्यांचं स्वागत, फायर ड्रिलच्या सूचना असं सगळं दाखवायचंय. मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते रात्रीच्या शिफ्टच्या मुलींना कॅब कुठल्या गेटला लागलीय ते खाली उतरायच्या आधी दिसावं, आत्ता त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसतात आणि सिक्युरिटीवाल्याला पण नीट माहिती नसते.

तीन कोटेशन आलीत. एक मुंबईचा मोठा इंटिग्रेटर आहे, म्हणजे स्क्रीनपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं जोडून देणारा, सगळ्यात महाग, पण सगळं तोच करणार म्हणतो. दुसरा पुण्याच्या तपकीर गल्लीतला आमचा नेहमीचा डीलर, घरगुती टीव्ही आणि मागे अँड्रॉइड बॉक्स, त्याचा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून थोडाच वर आहे. तिसरी बेंगळुरूची सॉफ्टवेअर कंपनी, डेमो एकदम झकास होता, पण स्क्रीन आणि बसवायचं काम ते दुसऱ्याकडून करून घेणार. तिघंही म्हणतात "होऊन जाईल मॅडम, टेन्शन घेऊ नका", आणि तेच ऐकून मला जास्त टेन्शन आलंय. गणपती बसायला चार दिवस आहेत, मग पितृपक्ष, मग नवरात्र. आमच्याकडे पितृपक्षात नवीन वस्तूची डिलिव्हरी घ्यायला पण वरून नको म्हणतात. कुणी हे काम केलं असेल तर सांगा, बघायचं काय?

एव्हीवाला_पिंपरी

ताई, मी सोळा वर्षं हेच काम करतोय, स्क्रीन भिंतीला लावायचं. तुमच्या तिन्ही पार्ट्यांपैकी मी कुणी नाही आणि मला हे काम नकोय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, कोटेशन बाजूला ठेवा आणि तिघांनाही आज एकच मेसेज टाका: परवापर्यंत साइटवर माणूस पाठवा. जो येईल त्याच्याशीच पुढे बोला. जो म्हणेल "ड्रॉइंग पाठवा, त्यावरून करतो", त्याने तुमचं काम किती मनावर घेतलंय ते कळलंच. आणि आलेला माणूस काय करतो ते सोबत फिरून बघा. सेल्सवाला नुसते फोटो काढून चहा पिऊन जातो. काम करणारा माणूस भिंतीवर टकटक करून बघतो, जिप्सम आहे का वीट, मागे फ्रेम कुठाय, पॉइंट किती उंचीवर काढलाय, सर्व्हिस लिफ्टचं दार टेपने मोजतो, सूर्य कुठल्या बाजूने येतो ते विचारतो.

नवीन ऑफिसात बहुतेक पार्टिशन जिप्समचं असतं आणि ५५ इंची स्क्रीन ब्रॅकेटसकट वीस किलोच्या आसपास जाते, ती नुसत्या जिप्समवर टांगायची नसते, मागे १८ एमएमचा प्लाय बसवून घ्यावा लागतो. हा प्लाय आत्ता, पेंटच्या आधी, इंटिरियरवाल्याकडून बसवून घेतला तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. पेंट झाल्यावर लक्षात आलं तर भिंत फोडा, पुन्हा पुट्टी, पुन्हा दोन हात, म्हणजे तुमचा एक आठवडा गेला आणि इंटिरियरवाला बिल लावणार ते वेगळंच. सप्लायर ठरो न ठरो, ३२ जागा आजच नक्की करा आणि इंटिरियरवाल्याला मार्किंग द्या. प्रत्येक जागी स्क्रीनच्या मागे लपेल असा पॉवर पॉइंट आणि शेजारी लॅनचा पॉइंट. पॉइंट स्क्रीनच्या खाली काढला तर वायर लोंबकळत राहते आणि मग केसिंग पट्टी मारावी लागते, इतक्या खर्चाच्या ऑफिसात ते फार वाईट दिसतं हो.

दुसरं म्हणजे स्टॉक. हा प्रश्न शब्द मोजून विचारा: "माल कुठल्या गोडाऊनमध्ये आहे आणि माझ्या नावावर किती नग राखून ठेवताय?" उत्तर भिवंडी किंवा चाकण, म्हणजे जवळपासचं गोडाऊन असलं तर गोष्ट वेगळी. "कंपनीकडून येतोय", "कंटेनर लागलाय" असं असलं तर साडेपाच आठवड्यांच्या कामात त्या माणसाकडे जाऊ नका, रेट कितीही चांगला असो. सणाच्या तोंडावर टीव्हीचा सगळा माल दुकानांकडे वळतो, तुमचे २२ नग कुणाच्या खिजगणतीत नसतात. मॉडेल नंबर आणि नग पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, लिहून घ्या, आणि "तत्सम मॉडेल" हे शब्द कोटेशनमध्ये असतील तर खोडा.

आता तुमच्या डीलरचा घरगुती टीव्ही. मी त्याला सरसकट नाही म्हणणार नाही. पण घरचा टीव्ही दिवसाला पाच-सहा तास चालेल या हिशोबाने बनवलेला असतो, ऑफिसात तो बारा-सोळा तास चालणार, आणि बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की व्यावसायिक वापर असेल तर वॉरंटी लागू नाही. कमर्शियल डिस्प्ले १६ तास किंवा २४ तास आठवडाभर अशा रेटिंगचा येतो, उभा लावता येतो, रिमोट लॉक करता येतो, लाइट गेली-आली की स्वतः चालू होऊन परत आपल्याच कंटेंटवर येतो. हे शेवटचं ऐकायला छोटं वाटतं पण ३२ स्क्रीन असताना रोज सकाळी रिमोट घेऊन फिरणारा मुलगा ठेवायचा नसेल तर तेच मोठं आहे. उभ्या लावायच्या असतील तर घरगुती टीव्ही विषयच सोडा.

उजेडाचं पण बघा. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, आतल्या पॅसेजला ३५० निट्स चालतात, रिसेप्शनला काच असेल तर ५०० ते ७०० बघा. काचेला चिकटून बाहेर तोंड करून लावायची असेल तर ते अडीच हजार निट्सच्या वरचं वेगळंच यंत्र असतं आणि ते आयत्या वेळी मिळत नाही.

एक जागा अजून, सर्व्हिस लिफ्ट. ५५ आरामात जाते. ८६ इंची बॉक्ससकट दोन मीटरच्या पुढे लांब असते आणि उभी केल्याशिवाय आत जात नाही, झोपवून तर नेऊच नये. मागच्या वर्षी एका साइटवर चौथ्या मजल्यावर जिन्याने सहा माणसं लावून चढवली, वळणावर कोपरा लागला आणि पॅनल गेलं. नवीन यायला १९ दिवस लागले. चूक आमचीच होती, लिफ्ट मोजली नव्हती.

नेटवर्क_देशपांडे_नाही

वरच्या दादांनी भिंतीचं सांगितलं, मी आतलं सांगतो. तुमचा दसरा स्क्रीनमुळे चुकणार नाही, तुमच्याच आयटी आणि सिक्युरिटी टीमच्या मंजुरीमुळे चुकेल. मी त्याच बाजूला बसतो म्हणून सांगतोय. क्लाउडवर चालणारं नवीन सॉफ्टवेअर, ऑफिसच्या नेटवर्कवर ३२ नवीन डिव्हाइस, हे आमच्याकडे आलं की प्रश्नावली जाते, सप्लायर ती आठ दिवस भरत नाही, भरतो ती अर्धवट, मग परत जाते. तीन आठवडे असेच जातात आणि दोष कुणाचाच नसतो.

तेव्हा उद्याच तुमच्या नेटवर्कवाल्याला चहाला बोलवा आणि सांगा की स्क्रीनसाठी वेगळा व्हीलॅन पाहिजे, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, ऑफिसच्या लॅपटॉपच्या नेटवर्कमध्ये घालायचंच नाही. बाहेर जायला शक्यतो फक्त ४४३ पोर्ट आणि कुठल्या पत्त्यांवर जायचं त्याची यादी सप्लायरकडून घ्या. स्क्रीनची वेळ नेटवरून जुळवायला एनटीपी नावाची सोय लागते, ते बंद असेल तर घड्याळ चुकतं आणि कँटीनचा दुपारचा मेनू संध्याकाळी दिसतो, हसू नका, बघितलंय. ऑफिसात ८०२.१एक्स असेल, म्हणजे ओळख पटल्याशिवाय नेटवर्कवर घेत नसतील, तर आधी विचारा प्लेयर (स्क्रीनवर कंटेंट चालवणारं यंत्र) त्याला चालतो का, स्वस्त अँड्रॉइड बॉक्स बहुतेक वेळा तिथेच अडकतात, मग प्रत्येक बॉक्सच्या मॅक ॲड्रेसची (त्याच्या ओळख नंबरची) यादी देऊन वाट काढावी लागते आणि ती यादी माल हातात आल्याशिवाय मिळत नाही. वायफायवर काहीही ठेवू नका, लॅनच.

प्लेयरचं म्हणाल तर तीन रस्ते आहेत. सॅमसंगच्या कमर्शियल स्क्रीनमध्ये टायझन असतं आणि एलजीमध्ये वेबओएस, ही स्क्रीनच्या आतच चालणारी सिस्टीम आहे, म्हणजे मागे बॉक्स लागतच नाही, बिघडायला एक वस्तू कमी. तुमच्यासारख्या घाईच्या कामाला मी तेच घेईन. फक्त बेंगळुरूवाल्यांकडून नेमका मॉडेल नंबर देऊन लेखी घ्या की त्यांचं सॉफ्टवेअर त्या मॉडेलच्या त्या व्हर्जनवर चालतं, जुनी व्हर्जनं सगळ्यांना चालत नाहीत. दुसरा रस्ता वेगळा प्लेयर, ब्राइटसाइनसारखा, दणकट असतो पण प्रत्येक स्क्रीनमागे खर्च वाढतो. तिसरा अँड्रॉइड बॉक्स किंवा रास्पबेरी पाय. कंपनीत स्वतःचा जाणकार माणूस असेल तर झिबो नावाचं ओपन सोर्स सीएमएस, म्हणजे स्क्रीनवरचं कंटेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर, चांगलं आहे, मी स्वतः चालवलंय, पण पाच आठवड्यांत शिकून ३२ स्क्रीनवर चढवायचं असेल तर तो प्रयोग आत्ता नको, हात जोडून सांगतो.

आणि डेमोच्या वेळी एक करा. चालू स्क्रीनची लॅन वायर उपटा. कंटेंट चालूच राहिलं पाहिजे, कारण ते आत साठवलेलं असतं. मग पॉवर बंद करून चालू करा, नेट नसतानाच. दोन मिनिटांत परत तेच दिसलं तर पास. काळा पडदा किंवा अँड्रॉइडचं होम दिसलं तर नमस्कार करून बाहेर या.

ॲडमिन_खराडी

दोघांचे मनापासून आभार, आत्ताच इंटिरियरवाल्याला फोन केला, पेंट सोमवारपासून सुरू होणार होता! प्लायचं सांगितलं त्याला, दोन दिवस थांबवलंय.

दोन गोष्टी राहिल्या लिहायच्या. एक, साहेबांना रिसेप्शनला मोठी व्हिडिओ वॉल पाहिजे, दहा फूट बाय सहा फूट म्हणतात, ती यात धरू का? आणि दोन, सूचना मराठीत पण द्यायच्यात, हाउसकीपिंगच्या मावश्या आणि सिक्युरिटीवाले इंग्रजी वाचत नाहीत, मी मीटिंगमध्ये भांडून हे मंजूर करून घेतलंय. बेंगळुरूच्या डेमोमध्ये मराठी टाइप केलं तर काहीतरी विचित्र दिसत होतं, ते म्हणाले फॉन्ट बदलू.

अक्षरवेडा

ताई, मराठीसाठी भांडलात त्याबद्दल आधी शाबासकी. आता हे "फॉन्ट बदलू" एवढ्यावर सोडू नका, कारण प्रश्न बहुतेक वेळा फॉन्टचा नसतो, प्लेयर अक्षरं जुळवतो कशी त्याचा असतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला दिसतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. हे दिसलं तर फॉन्ट कितीही बदला, तसंच राहणार.

परीक्षा अशी घ्या. त्यांना ही ओळ त्यांच्याच टिकरमध्ये, म्हणजे सरकत्या पट्टीत, टाकायला सांगा: "दुसऱ्या मजल्यावरील स्त्री कर्मचाऱ्यांसाठी कॅब रात्री ९:३० वाजता पश्चिम गेटवर, कृपया ज्ञानेश्वर सभागृहाजवळ थांबू नये." यात ऱ्या आहे, स्त्री आहे, श्च आहे, ज्ञ आहे, कृ आहे, दोन्ही वेलांट्या आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर नाही हं, प्रत्यक्ष जी स्क्रीन तुम्ही घेणार त्या स्क्रीनवर. ब्राउझरमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि बॉक्सवर फुटतं, हीच तर गंमत आहे. दुसऱ्यामधला ऱ्या ज्याला जमला त्याला बाकीचं जमतं असा माझा अनुभव.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त घ्या, दोन्ही फुकट आहेत, वाचायला स्वच्छ आहेत आणि जाड वजनात मिळतात. तुमच्या प्रिंटिंगवाल्याकडून मजकूर आला तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असू शकतो, तो सरळ कॉपी केला की कचरा दिसतो, युनिकोडमध्ये बदलून मागा. आणि ज्या सूचना रोज बदलत नाहीत, म्हणजे फायर ड्रिल, कँटीनचे नियम, त्या सरळ चित्र करून चढवा, मग प्लेयर कसाही असो, अक्षर फुटत नाही. रोज बदलणारी कॅबची ओळ तेवढी खऱ्या मजकुरात ठेवा.

ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, आपल्याकडे मात्रा वर आणि उकार खाली असतो, डिझायनर इंग्रजीचा साचा तसाच वापरतात आणि उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो. अक्षराचा आकार म्हणाल तर दहा फुटांवरून वाचायचं असेल तर स्क्रीनवर अक्षर निदान एक इंच उंच पाहिजे. पॅसेजमधून चालता चालता वाचणारी मावशी थांबून वाचणार नाहीये, तिच्या हातात बादली असते. एका पडद्यावर एकच सूचना, सात-आठ शब्द, दहा सेकंद.

एव्हीवाला_पिंपरी

व्हिडिओ वॉलचं मी सांगतो. साहेबांना नाही म्हणू नका, "दुसरा टप्पा" म्हणा.

दहा बाय सहा म्हणजे साधारण तीन मीटर बाय पावणेदोन. ती दोन प्रकारे होते. एक, ५५ इंची पॅनल जोडून एलसीडी वॉल, त्यात दोन पॅनलमध्ये काळी रेघ राहते, साडेतीन एमएम किंवा महागात गेलात तर एक एमएमच्या आत, पण राहतेच. दोन, एलईडी वॉल, त्यात रेघ नाही, पण पिक्सेल पिच, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, बघावी लागते. ढोबळ हिशोब असा की जितके एमएम पिच तितके मीटर लांब उभं राहिलं तरच चित्र नीट दिसतं. तुमच्या रिसेप्शनला सोफा दोन मीटरवर असेल तर पी २.५, म्हणजे अडीच एमएम पिच, घेऊन ठिपके दिसणार, तिथे १.५ किंवा १.८ पाहिजे, आणि त्याचा भाव ऐकून साहेब स्वतःच दुसरा टप्पा म्हणतील. शिवाय एलईडी ऑर्डरीवर बनते, मागे लोखंडी फ्रेम लागते, भिंतीवर वजन येतं, वेगळी पॉवर लागते, आणि त्याच बॅचचे स्पेअर मॉड्यूल सोबतच घ्यावे लागतात, कारण नंतर घेतलेल्या मॉड्यूलचा रंग जुळत नाही, भिंतीवर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. हे साडेपाच आठवड्यांत, मध्ये गणपती आणि नवरात्र धरून, मी स्वतः घेणार नाही. जो सप्लायर "वॉल पण दसऱ्याला देतो" म्हणाला त्याचं बाकीचं बोलणं पण मग जरा जपून घ्या.

पूजेच्या दिवशी रिसेप्शनला एक ७५ किंवा ८६ लावा, छान दिसते. पुढे ती कॉन्फरन्स रूममध्ये जाईल, वाया जाणार नाही. मागच्या भिंतीत प्लाय आणि पॉवर मात्र वॉलच्या हिशोबानेच आत्ता करून ठेवा.

खरेदी_खाते

मी खरेदी विभागातून. पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कोटेशन एकत्र एका आकड्यात घेऊ नका. स्क्रीन, ब्रॅकेट, प्लेयर असला तर प्लेयर, केबल, बसवणं, सॉफ्टवेअरचं दर स्क्रीन दर महिना, आणि एएमसी म्हणजे वर्षाची देखभाल, सगळं सुटं मागा. तुमच्या डीलरचा आकडा निम्मा दिसतोय त्यात बसवणं आणि तीन वर्षांचं सॉफ्टवेअर नसणार, पैज लावतो. तीन वर्षांचा हिशोब मांडा मग बघा फरक किती उरतो. ३२ इंचांच्या वरच्या टीव्ही-मॉनिटरवर आधी २८ टक्के जीएसटी होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, जुन्या साच्यातलं कोटेशन आलं असेल तर तपासा. डब्यावर आणि मागच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी नंबर पाहिजे, स्क्रीनवर पण आणि ॲडॅप्टरवर पण.

पेमेंट तीन भागांत. थोडा ॲडव्हान्स, मोठा भाग माल साइटवर उतरून उघडून चालू करून बघितल्यावर, आणि निदान दहा टक्के तीस दिवस सगळं नीट चालल्यावर. "माल निघाला" म्हणून पैसे सोडायचे नाहीत. पण दुसरी बाजू पण सांगतो, सप्लायर जर उद्यम नोंदणीतला, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंदलेला माणूस असेल तर त्याचे पैसे अडकवून ठेवू नका, २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. घाईचं काम छोटा माणूस पदरचे पैसे घालून करतो, त्याला वेळेवर पैसे मिळतात हे त्याला माहिती असेल तर तो तुमच्यासाठी रविवारी पण येतो. दंडाची कलमं भरपूर लावली म्हणून काम वेळेवर होत नाही हो, मी दोन्ही करून बघितलंय. दंड वसूल होतो कधीतरी, दसरा परत येत नाही.

अजून एक, बिल्डिंगवाल्यांकडून आत्ताच विचारून घ्या: कामगारांचा विमा, पीएफ-ईएसआयसीचे चलान, मटेरियलचा गेट पास, ड्रिल मारायला कुठल्या वेळा. आयटी पार्कात बहुतेक ठिकाणी आवाजाचं काम संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवार-रविवारीच करू देतात. म्हणजे तुमच्या साडेपाच आठवड्यांत खरे कामाचे दिवस मोजा, आकडा बघून झोप उडेल पण आत्ता उडालेली बरी.

ऑरेंज_सिटी

नागपूरच्या ६ स्क्रीनबद्दल. पुण्याच्या सप्लायरला विचारा, नागपुरात तुमचा स्वतःचा माणूस आहे का इथल्या कुणाला फोन करून काम देणार? देणार असेल तरी हरकत नाही, पण त्याचं नाव-नंबर पीओच्या आधी घ्या आणि त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला. आमच्याकडे पुण्याहून टीम आली होती, दोन दिवसांत सहा लावून जायचं ठरलं, एका ब्रॅकेटचे बोल्ट चुकीचे निघाले, पोरं परत गेली आणि ती एक स्क्रीन महिनाभर खोक्यात पडून होती. इथला माणूस असता तर दुपारी जाऊन बोल्ट घेऊन आला असता.

माल ट्रान्सपोर्टने आला की ड्रायव्हर उभा असतानाच प्रत्येक खोकं उघडा, मोबाईलवर व्हिडिओ काढत, आणि स्क्रीन चालू करून बघा. बाहेरून खोकं कोरं करकरीत आणि आत पॅनलला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर, हे होतं. पावतीवर सही करून ड्रायव्हर गेला की मग ती चीर तुमचीच.

आणि नाशिक-नागपूर दसऱ्यालाच पाहिजे असं आहे का? पूजा खराडीला आहे ना. ते दिवाळीपर्यंत ढकला, बोलून बघा वरती.

ॲडमिन_खराडी

अपडेट देते, बारा दिवस झाले. सगळं सविस्तर लिहायला वेळ नाहीये पण तुम्ही एवढं लिहिलंत तर कळवायलाच पाहिजे.

साइटवर तिघांपैकी दोघं आले. मुंबईवाल्यांनी ड्रॉइंग मागितली, दोनदा आठवण केली तरी माणूस पाठवला नाही, सोडून दिलं. बेंगळुरूवाल्यांचा पुण्यातला बसवणारा माणूस आला आणि खरं सांगते, त्याने भिंतीवर टकटक केली तेव्हा मला एव्हीवाला दादांची आठवण झाली. लिफ्ट मोजली, दोन जागा बदलायला लावल्या, कँटीनमध्ये तव्याच्या वाफेसमोर स्क्रीन येत होती ती हलवली. आमचा तपकीर गल्लीवाला पण आला, प्रामाणिकपणे म्हणाला मॅडम उभ्या स्क्रीन मला जमणार नाहीत, पण कमर्शियल पॅनल मी भिवंडीच्या डिस्ट्रिब्युटरकडून चार दिवसांत आणून देतो, नग राखून ठेवल्याचं पत्र देतो.

मग मी दोघांना समोरासमोर बसवलं. पॅनल आमच्या डीलरकडून, सॉफ्टवेअर आणि बसवणं बेंगळुरूवाल्यांच्या माणसाकडे. भीती वाटत होती की काही बिघडलं तर एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून खरेदी_खाते दादांनी लिहिलं तसं सगळं सुटं केलं आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या: उतरवताना चालू करून बघेपर्यंत जबाबदारी डीलरची, भिंतीवर चढल्यापासून बसवणाऱ्याची. नाशिक-नागपूर दिवाळीला ढकललं, साहेब लगेच हो म्हणाले, विचारलंच नव्हतं आजपर्यंत कुणी. व्हिडिओ वॉल दुसऱ्या टप्प्यात. पितृपक्षाचं म्हणाल तर माल अनंत चतुर्दशीच्या आधीच उतरवून घेतोय, विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात म्हणून दोन दिवस आधीची गाडी धरलीय, आणि पितृपक्षात नुसतं बसवायचं काम चालेल असं वरून कबूल झालं.

मराठीची ओळ टाकली. टिकरमध्ये दुसऱ्याचा ऱ्या फुटला. त्यांच्या इंजिनियरने पाच दिवसांनी नवीन व्हर्जन पाठवलं, त्यात बरोबर दिसतंय, पॅनलवरच बघितलं, फोटो काढून ठेवलाय. लॅन उपटून पण बघितली, चालू राहिलं. आयटीची मंजुरी अजून यायचीय, रोज जाऊन त्यांच्या डेस्कसमोर उभी राहते.

अजून काही सुटतंय का?

नेटवर्क_देशपांडे_नाही

सॉफ्टवेअरचं मुख्य लॉगिन कुणाच्या ईमेलवर काढलंय ते आजच बघा. बसवणाऱ्याच्या जीमेलवर असेल तर कंपनीच्या सामायिक ईमेलवर बदलून घ्या, तो काम सोडून गेला तर ३२ स्क्रीन त्याच्यासोबत जातात. कॅबची ओळ बदलायचा अधिकार रात्रीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कला वेगळा द्या, फक्त तेवढ्या पट्टीचा, नाहीतर रात्री अकराला गेट बदललं तर तुम्हाला फोन येणार. मंजुरीसाठी आमच्या लोकांसमोर उभं राहताय ते बरोबर करताय, पण सोबत पोर्टची यादी आणि व्हीलॅनचा नंबर कागदावर घेऊन उभ्या राहा.

ॲडमिन_खराडी

जीमेलवरच होतं! आत्ता बदलायला लावलं. ट्रान्सपोर्ट डेस्कच्या मुलाला उद्या बोलावते, त्याच्याकडूनच पहिली ओळ टाकून घेते.